तळचा खुंटा

ठाणे,
१६ जून २०२५

आदरणीय सुशीलाबाई यांना सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता तुमच्या मुलाकडून, दुर्गेशरावांकडून घेतला. ते हैदराबादहून म्हणाले, "आईला फोनवर ऐकू येत नाही. मी ओरडतो, ती हो हो म्हणते आणि मग भलतंच करून ठेवते. तुम्ही पत्र लिहा. पत्र ती दोनदा वाचते." म्हणून कितीतरी वर्षांनी कागद घेऊन बसले आहे. अक्षर बिघडलंय, माफ करा.

माझं नाव नूतन बिसेन. मूळची गोंदियाची. टीव्हीसाठी लिहिते. एक वाहिनी जुन्या मराठी रहस्यकथांची मालिका करते आहे, आणि त्यातली एक कथा मी हट्टानं मागून घेतली: तुमच्या यजमानांची, ताराचंद गहाणे मास्तरांची, 'दसऱ्याचा तलाव'.

आठवीत असताना ती मी वाचनालयात उभ्यानं वाचली होती. दसऱ्याच्या दुपारी सगळं गाव सीमोल्लंघनाला शिवेबाहेर गेलेलं. परत येऊन पाहतात तर तलावाचा तळचा खुंटा कुणीतरी उपटलेला, पाणी धो धो वाहून चाललेलं, आणि धान ऐन गर्भात. मग भैय्यालाल पोस्टमास्तर तपासाला लागतो. त्याच्याकडे भिंग नाही, बंदूक नाही. तो घरोघर जाऊन एकच विचारतो: तुमच्या हातात सोनं कुणी कुणी दिलं? त्या आपट्याच्या पानांवरून तो गावाची अख्खी संध्याकाळ जुळवतो. शेवटी एकच माणूस उरतो, ज्याच्या हातून अंधार पडेपर्यंत कुणालाच पान मिळालेलं नाही. खुद्द पाणकर. तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा माणूस.

पन्नास वर्षं झाली, तरी रहस्यकथा म्हटलं की लोक ही गोष्ट सांगतात. तिचे हक्क तुमच्याकडे आहेत. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठवाल का?

तुमची,
नूतन


पो. नवेगाव बांध, जि. गोंदिया
१ जुलै २०२५

नूतन यांस,

सौ. लिहू की कुमारी ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. रागावू नये.

पत्र पोचलं. आमचा पोस्टमन मुन्ना फाटकातूनच ओरडत आला, "काकू, टीव्हीवाल्याईचं पत्र आलं! आता तुमी दिसान टीव्हीत!" त्याचं तेवढं मला ऐकू येतं, कारण तो सगळ्या गावाला ऐकवतो.

मास्तरांना जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांची गोष्ट कुणाला पाठ आहे हे वाचून बरं वाटलं असं लिहायला हवं. तुम्ही लिहिलंय तशीच ती आहे. मला माहीत आहे, कारण मास्तरांचं अक्षर कुणाला लागत नसे. त्यांच्या सगळ्या गोष्टी मी सुवाच्य लिहून काढत असे आणि मग त्या मासिकाला जात. हीसुद्धा मीच लिहून काढली. एकवीस पानं.

सही सावकाश करते. चष्म्याची काडी मोडली आहे.

तुमच्या घरी कोण कोण असतं?

सुशीलाबाई गहाणे


ठाणे,
१० जुलै २०२५

आदरणीय काकू,

काकू म्हटलेलं चालेल ना?

घरी कोण असतं म्हणून विचारलंत. कुणी नसतं. सहा वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. बाबा गेल्यावर गोंदियाचं घर विकलं, तेव्हापासून तिकडे जायलाही कारण उरलं नाही. वय चव्वेचाळीस. ओट्याशी उभी राहून जेवते, कारण एकटीसाठी ताट मांडलं की ते फार मोठं दिसतं. हे मी कुणाला सांगत नाही. कागदावर कसं लिहून गेले, कोण जाणे.

आता कामाचं. पुस्तकात 'पाणकरानं तळचा खुंटा उपटला' एवढं लिहून भागतं. टीव्हीला भागत नाही. तिथे माणूस पाण्यात उतरताना दिसावा लागतो, त्याचा हात कुठे जातो ते दिसावं लागतं. आमचे निर्माते हिमांशू म्हणतात, "खुंटा किती मोठा? बादलीच्या बुचाएवढा की खांबाएवढा?" मला सांगता येईना. तुम्ही तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातल्या. तुम्ही सांगाल? बुडी मारून खुंटा उपटायला किती वेळ लागेल? त्याचं धोतर ओलं झालेलं कुणाला कसं दिसलं नाही?

आणि एक वचन देते. टीव्हीवाले गोष्टींची वाट लावतात अशी तुम्हाला भीती असेल. मी मास्तरांच्या गोष्टीतलं काहीही बदलणार नाही. शेवट तर नाहीच.

तुमची,
नूतन


पो. नवेगाव बांध
२२ जुलै २०२५

चि. नूतनला आशीर्वाद.

काकू चालेल. जेवताना बसत जा. ताट मोठं दिसत असेल तर ताटलीत वाढून घे.

तू विचारलंस त्याचं सांगते. तलावाच्या पाळीला आतल्या अंगानं दगडी पायऱ्या असतात. त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. पायरीपायरीला एकेक भोक, आणि प्रत्येक भोकात बिजाच्या झाडाच्या टणक लाकडाचा खुंटा ठोकलेला. खुंटा माणसाच्या मांडीएवढा जाड असतो. धानाला पाणी हवं झालं की पाणकर सगळ्यात वरचा खुंटा काढतो. पाणी तिथवर उतरलं की त्याच्या खालचा. असं करत करत तळचा खुंटा अगदी शेवटी निघतो, बहुतेक उन्हाळ्यातच.

दसऱ्याला तलाव भरलेला असतो. तळच्या खुंट्यावर दोन पुरुष पाणी असतं आणि ते सगळं त्याला खाली दाबत असतं. तेवढ्या पाण्यात तो खुंटा एकट्या माणसाला उपटत नाही. वरचं पाणी उतरवावं लागतं किंवा चार माणसं आणि लोखंडी सब्बल लागते.

तुझ्या साहेबांना खुंटा मांडीएवढा म्हणून सांग.

रोवणी सुरू आहे. धानाच्या बांधीत बाया गाणी म्हणतात ते मला आता ऐकू येत नाही, पण कमरेत वाकून सगळ्या एकदम सरकल्या की गाणं चाललंय हे कळतं.

सही राहिलीच.

सुशीलाबाई


ठाणे,
२ ऑगस्ट २०२५

प्रिय काकू,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सहीचं तुम्ही टाळताय हे मला कळतंय, आणि कारणही कळतंय असं वाटतं. मास्तरांचं लिहिलेलं सगळं तुमच्या हातून गेलेलं आहे. ते परक्याच्या हाती कसं द्यायचं? माझी आईही बाबांचा स्वेटर कुणाला हात लावू देत नसे. म्हणून पुन्हा सांगते, मी गोष्ट जशीच्या तशी ठेवीन. हवं तर तसं लिहून देते.

पण तुमच्या पत्रानं मी अडकले आहे. खुंटा एकट्याला उपटत नसेल तर पाणकरानं तो काढला कसा? मास्तर त्याच गावचे. हे त्यांना माहीत नव्हतं? की गोष्टीसाठी त्यांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं? हिमांशू म्हणतात, "कोण बघतंय? दाखवून टाकू." पण मला रोज तो माणूस पाण्यात उतरताना दिसतो आणि खुंटा काही निघत नाही.

वीस तारखेपर्यंत सही मिळाली नाही तर ते दुसरी कथा घेतील. हे मी तुम्हाला घाई करायला लिहीत नाही. खरं तर त्यासाठीच लिहिते आहे.

नूतन


पो. नवेगाव बांध
२४ ऑगस्ट २०२५

चि. नूतन,

वीस तारीख गेली. तुमच्या साहेबांनी दुसरी गोष्ट घेतली असेल तर हे पत्र फाडून टाक. नसेल तर बसून वाच.

तू मला नवऱ्याच्या आठवणी जपणारी बाई समजलीस. तू वचन दिलंस की शेवट बदलणार नाही, आणि ते वाचून मी संमतीपत्र पुन्हा डब्यात ठेवलं. मला सही नको होती, कारण तू शेवट बदलणार नव्हतीस.

ती गोष्ट आमच्याच गावात घडलेली आहे. १९७४ चा दसरा. भैय्यालाल पोस्टमास्तर म्हणजे आमचे मास्तरच. त्यांनीच घरोघर जाऊन पानांची चौकशी केली होती. आणि पाणकराला गोष्टीत नाव नाही, पण गावात पाणकर एकच होता. त्याचं नाव खुशाल.

मी तेव्हा अठरा वर्षांची, सहा महिन्यांची गरोदर. दसऱ्याच्या दोन दिवस आधी माझे वडील गेले. माझं माहेर आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या पायथ्याशी. पोटुशी बाईला मयतीला नेत नाहीत म्हणून मला नेलं नाही. बापाचं तोंड पाहिलं नाही. दसऱ्याला माझं सुतक होतं, म्हणून सगळे शिवेवर गेले आणि मी मागच्या खोलीत.

खुशालही माझ्या माहेरचा. गावच्या नात्यानं भाऊ. तो मयतीला गेला होता आणि त्या दुपारच्या मोटारीनं परतला. घरी न जाता आधी आमच्या मागच्या आवारात आला. दाराबाहेर बसला. मी दाराच्या आत. "बाई, तुले सांगाले आलो," म्हणाला, "बापू कसा गेला ते." मग त्यानं सगळं सांगितलं. शेवटचं पाणी कुणी पाजलं, खांदा कुणी दिला, मोठ्या भावानं मडकं कसं धरलं. मी मध्ये मध्ये तेच पुन्हा विचारायची आणि तो पुन्हा सांगायचा. दिवस कलेपर्यंत तो बसला. जाताना खिशातून आपट्याचं पान काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. "सुतकात घेऊ नोको. पाहून ठेव." म्हणून दुसऱ्या कुणाला त्याच्या हातून पान मिळालं नाही.

तोवर पाणी वाहायला लागलं होतं. लोक धावले, बाहेरून दगडमाती टाकून मोरी बुजवली. अर्धा तलाव गेला आणि खालच्या बांध्यांतलं धान वाळलं. गाव चिडलं होतं. मास्तर तेव्हा पंचवीसेक वर्षांचे, हुशार, पुस्तकं वाचलेले. त्यांनी पाच दिवसांत सगळ्यांसमोर उभं राहून पानांवरून सिद्ध करून दाखवलं. खुशालला विचारलं, तू कुठे होतास? तो म्हणाला, "होतो कोठीतरी." मी दाराआड उभी होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले.

भीती होतीच. घरात कुणी नसताना, सुतकात, परका पुरुष दोन तास मागच्या दारी. मामाजी, माझे सासरे, कडक. पण खरं सांगू? भीती तेवढी मोठी नव्हती. पहिल्या दिवशी बोलले नाही. मग दुसऱ्या दिवशी, काल का बोलली नाहीस हाही एक प्रश्न झाला. असं करत महिना गेला. खुशालचं पाणकराचं काम काढून घेतलं, तो बायकोला घेऊन कामठ्याला निघून गेला, धानाच्या गिरणीवर. दुसऱ्या दिवाळीला मास्तरांनी गोष्ट लिहिली. ती मी लिहून काढली. 'पाणकराची मान खाली गेली' हे वाक्य माझ्या अक्षरात छापखान्यात गेलं आहे.

आता खुंट्याचं. १९८० च्या उन्हाळ्यात तलाव तळापर्यंत आटला. लोक गाळ काढायला उतरले. मास्तर एका सकाळी पाळीवर गेले ते शेल्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले आणि धानाच्या कोठीमागे ठेवलं. सारवायला कोठी सरकवली तेव्हा मी पाहिलं. अर्धा खुंटा. उभा फाटलेला, आतून कुजून काळा पडलेला. म्हणजे कुणी उपटला नव्हता. तो आपोआप फाटला, अर्धा पाण्याबरोबर गेला आणि अर्धा भोकात राहिला. खुंट्यासाठी लाकूड देण्याची रीत आमच्या घराकडे होती. त्या साली खुशाल लाकूड मागायला दोनदा येऊन रिकामा गेला होता, तेवढं मला आठवतं.

त्यानंतर मास्तरांनी एकही गोष्ट लिहिली नाही. लोक विचारायचे, मास्तर, लिहिणं काऊन सोडलं? ते म्हणायचे, शाळेचं काम फार वाढलं.

माझ्या पेटीत पान होतं, त्यांच्या कोठीमागे खुंटा होता. त्यांना पानाचं माहीत नव्हतं आणि मला खुंट्याचं माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तीस वर्षं आम्ही एका घरात जेवलो, झोपलो, मुलगा वाढवला. तुला ताट मोठं दिसतं ना? आमच्याकडे दोन ताटं असायची. तीही मोठीच दिसायची.

सही हवी असेल तर शेवट बदल. आणि तुझी कुणी माणसं गोंदियात असतील तर कामठ्याला चौकशी कर. खुशाल सत्त्याहत्तरचा असेल.

सुशीलाबाई


ठाणे,
३ सप्टेंबर २०२५

प्रिय काकू,

दुसरी कथा त्यांनी घेतलेली नाही. मी घेऊ दिली नाही.

तुमचं पत्र वाचून हिमांशूंना सगळं सांगितलं. चूक झाली. ते खुर्चीतून उठलेच. "अरे, हे तर सोनं आहे! सून आणि पाणकर! दोन तास, मागचं दार! नवऱ्यानं सूड घेतला असं करू." मी म्हटलं, तो तिच्या वडिलांच्या मरणाची हकिकत सांगत होता. ते म्हणाले, "हो, पण प्रेक्षक काय समजायचं ते समजतील." मी फाइल उचलून घरी आले.

तुम्ही ज्या गोष्टीला भिऊन गप्प राहिलात ती पन्नास वर्षांनी एका वातानुकूलित खोलीत पाच मिनिटांत घडली. मला तुमच्यापुढे यायला लाज वाटते.

मला थोडे दिवस द्या. काहीतरी करते.

तुमची,
नूतन


(पोस्टकार्ड)
१२ सप्टेंबर २०२५

चि. नूतन,

तुझ्या साहेबांचं वाचून हसू आलं. गावातल्या बाया तरी निदान कुजबुजत बोलल्या असत्या.

तू पत्रात खुशालबद्दल एक ओळ लिहिली नाहीस. मी दोनदा वाचलं. तू विसरणारी नाहीस. म्हणजे तो नाही. कधी गेला तेवढं लिही.

सु. ग.


ठाणे,
१९ सप्टेंबर २०२५

काकू,

चार वर्षांपूर्वी गेले. माझा मावसभाऊ चंद्रकुमार कामठ्याला जाऊन आला. मुलगा गजेंद्र तिथेच गिरणीवर आहे, खुशालकाकांच्याच जागी. त्यांची बायको आधीच गेली होती. तुम्ही एकट्या असाल, पत्र एकटीनं वाचाल, म्हणून मी लिहिलं नाही. बाबा गेले तेव्हा मला दवाखान्यातून असंच कुणी दोन तास खरं सांगितलं नव्हतं, आणि त्या दोन तासांसाठी मी अजून त्या लोकांना क्षमा केलेली नाही. तरी मीही तेच केलं.

आता ऐका. मी पटकथा पुन्हा लिहिली. पानांवरून तपास, गावासमोरचा निकाल, सगळं मास्तरांनी लिहिलं तसंच. आणि त्यानंतर सहा वर्षांनी आटलेल्या तलावात उतरणारा भैय्यालाल. तो चिखलात हात घालतो, अर्धा खुंटा बाहेर काढतो, तो शेल्यात गुंडाळतो आणि घराकडे चालू लागतो. संपलं. ना सून, ना मागचं दार. हिमांशूंना सांगितलं, हा शेवट घेणार असाल तर बाईंची सही मिळेल, नाहीतर सहीही नाही आणि मीही नाही. दोन दिवस गेले. मग निरोप आला: 'ट्विस्ट चांगला आहे.' त्यांच्या तोंडून तेवढंच येऊ शकतं.

खुंटा पुरेसा आहे, काकू. खुशालकाकांवरचा आळ त्यानं पुसला जाईल. तुमचं पान कुठेही येणार नाही. ते तुम्ही आणि मी सोडून कुणाला कधी कळणार नाही.

नवं संमतीपत्र जोडते आहे.

नूतन


पो. नवेगाव बांध
६ ऑक्टोबर २०२५

चि. नूतनला अनेक आशीर्वाद.

तुझा शेवट वाचला. मास्तर असेच चालत आले होते, मान खाली घालून. तुला कसं कळलं?

पण तू म्हणतेस खुंटा पुरेसा आहे, तिथे मी अडखळले. खुंट्यानं एवढंच कळतं की तो त्यानं उपटला नाही. तो कुठे होता हे कळत नाही. ते त्यानं माझ्यासाठी झाकून ठेवलं, बायकोपासून आणि पोरापासूनही. टीव्हीवर नको, हे तुझं बरोबर आहे. पण ज्यांच्या घरात ते सांगायला हवं होतं ते घर एकच आहे.

म्हणून दसऱ्याला मी कामठ्याला गेले. दुर्गेशला सांगितलं नाही. मुन्नानं एस.टी.त बसवून दिलं आणि कंडक्टरला बजावलं, "काकूले ऐकू येत नाही, हात लावून उठवजो." गोंदियाला गाडी बदलली. पिशवीत खुंटा आणि आमच्या पाळीवरच्या आपट्याची पानं.

घर सापडलं. गजेंद्र दारात सायकल पुसत होता. तोंडवळा अगदी बापाचा. त्याची मुलगी खुशी, दहा-अकरा वर्षांची, पाणी आणायला आत वळली. मी म्हटलं, थांब. कारण गजेंद्र माझं गाव ऐकून म्हणाला, आणि हे, पुढचं सगळंही, त्यानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "तुमच्या गावचे एक मास्तर आले होते जी, मी लहान होतो तवा. दारात उभे राह्यले. पाणी मांगतलं, पेले अन् चालले गेले. मी बाबाले म्हटलं, कायले आले होते? बाबा म्हणे, तहान लागली असन."

नूतन, मास्तर तिथवर गेले होते. एवढ्या लांब गेले आणि पाणी पिऊन परत आले.

म्हणून मी पाणी पिण्याआधी बोलले. उभ्यानंच. सगळं सांगितलं. वडिलांचं, मागच्या दाराचं, पानाचं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी मोठ्यानं बोलत असणार, कारण शेजारची दोन माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मी थांबले नाही.

गजेंद्र खाली बसला. हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग उठून म्हणाला, "आमच्या घरी दसऱ्याले कधी सोनं आलं नाही जी. बाबा आणूच देत नव्हता. आमाले वाटे, खरंच त्यानं काही केलं असन." आणि मग, "पन्नास साल काऊन चूप राह्यल्या?"

मी तुला लिहिलं होतं तसं उत्तर त्याला देता आलं असतं. दिलं नाही. त्याच्यापुढे ते उत्तर उभं राहिना.

मग पिशवीतून खुंटा काढला. त्यानं तो हातात घेतला, तोलला, नखानं खरवडला, नाकाशी नेला. पाणकराचा पोरगा तो. म्हणाला, "हे बिजाचं नाही जी. आंब्याचं लाकूड व्हय. आंबा पाण्यात टिकते का कधी? बाबा म्हणे, मालकानं आंब्याचं देल्लं, मी सांगतलं होतं. आमी म्हणो, बुढा बहाणे सांगून राह्यला."

तेव्हा मला आठवलं. त्या साली जेठात वादळानं आमच्या अंगणातला आंबा पडला होता. त्याचं लाकूड कितीतरी दिवस आवारात पडून होतं. खुशाल तिसऱ्यांदाही आला असणार, आणि मामाजींनी त्याला तेच दिलं असणार. बिजाचं लाकूड कापायला माणूस पाठवायचा कंटाळा. एवढंच. एवढ्यासाठी एक माणूस गावातून गेला. मास्तर खुंटा घेऊन आले तेव्हा त्यांनाही ते लाकूड ओळखू आलं असणार. आपल्याच अंगणातलं झाड.

मी पान पुढे केलं. गजेंद्रनं घेतलं नाही. रागानं नाही. हात जोडले आणि म्हणाला, "आज नाही जी. माझ्यानं आज होत नाही." मी ते त्याच्या खिडकीत ठेवलं आणि म्हटलं, घेऊ नको, पाहून ठेव. हे शब्द माझे नव्हते.

निघाले तेव्हा खुशीनं पाणी आणून दिलं. मग प्याले. गजेंद्र मोटारीपर्यंत सोडायला आला. गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन ओठ हलवत हळूहळू म्हणाला, म्हणजे मला कळावं म्हणून, "खुंटा आमच्याकडेच राहू द्या." मी हो म्हटलं. पंचेचाळीस वर्षांनी घरात त्याची जागा रिकामी झाली आहे. कोठी सरकवून पाहिली. भिंतीवर त्याचा डाग आहे.

संमतीपत्रावर सही केली आहे. एक अट घातली आहे, मागच्या पानावर, सुवाच्य अक्षरात. तुझ्या नाटकात त्याला नुसता पाणकर म्हणू नकोस. गावासमोर उभं करशील तेव्हा भैय्यालालनं त्याला नावानं हाक मारली पाहिजे. खुशाल म्हणून. गोष्ट लिहून काढताना मला ते नाव घालावंसं वाटलं होतं. मी मास्तरांनी लिहिलं तेवढंच लिहिलं.

तुलाही तिकडे यंदा कुणी पान दिलं नसेल. पाकिटात एक घातलं आहे, आपल्या पाळीवरच्या झाडाचं. पोचेपर्यंत वाळेल, कदाचित मोडेलही. तुला सुतक नाही. तू घे.

आणि बसून जेव.

तुझी,
सुशीलाकाकू